बीबीसी मायक्रोच्या फ्लॉप्या उतरवून घेताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील शाळेत विज्ञान शिकवत. ऐंशीच्या दशकात शाळेला मिळालेला बीबीसी मायक्रो शाळेने मोडीत काढला तेव्हा तो त्यांनी घरी आणला. आता कोकणातल्या घराच्या माळ्यावर तो कॉम्प्युटर, एक फ्लॉपी ड्राइव्ह आणि सव्वापाच इंची तीस-पस्तीस फ्लॉप्या निघाल्या आहेत. त्यांत वडिलांनी, म्हणजे सरांनी, स्वतः लिहिलेले प्रोग्राम, प्रश्नपत्रिका आणि मुलांच्या गुणांच्या याद्या आहेत. मशीन सुरू करावं, स्टार-बॅकअप (म्हणजे * हे चिन्ह आणि पुढे BACKUP) ही आज्ञा द्यावी आणि सगळं कोऱ्या फ्लॉप्यांवर उतरवून घ्यावं, हे बरोबर का?

नाही. निदान पहिल्या दिवशी तरी नको. माळ्यावर पडून जितक्या फ्लॉप्या मेल्या, त्याहून जास्त मी बॅकअप घेण्याच्या उत्साहात मेलेल्या पाहिल्यात, आणि त्यांतली एक माझ्या हातून मेली आहे. त्यामुळे प्रत्येक फ्लॉपी आता एकदाच वाचता येणार आहे असं धरून चाला. पुढचं सगळं त्या हिशोबाने सांगतो.

आधी हे मशीन काय आहे ते. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसीसाठी ते १९८१च्या डिसेंबरमध्ये बाजारात आणलं. ६५०२ प्रोसेसर, २ मेगाहर्ट्झ वेग, मॉडेल बी असेल तर ३२ केबी रॅम. आपल्याकडे ते १९८४-८५च्या सुमारास केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून शाळांमध्ये आलं. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने हेच मशीन ‘एससीएल युनिकॉर्न’ नावाने भारतातही तयार केलं. तुमच्या खोक्यावर कोणतंही नाव असो, पुढची कृती तीच.

आता वीज. पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला पिवळसर, पारदर्शक आवरणाचे चौकोनी कॅपॅसिटर असतात. काळाने त्या आवरणाला बारीक तडे जातात आणि आत दमट हवा शिरते. तीस वर्षांनी बटण दाबलं की काही मिनिटं सगळं छान चालतं, मग फटाक्यासारखा आवाज येतो आणि घरभर उग्र वासाचा धूर. मशीन बहुधा वाचतं, पण तेव्हा ड्राइव्हमध्ये फ्लॉपी फिरत असेल तर तिचं काय होईल ते सांगता येत नाही. तेव्हा मशीन सुरू करण्याआधीच ते कॅपॅसिटर बदलून घ्या. टीव्ही-अँप्लिफायर दुरुस्त करणारा कुठलाही जुना कारागीर तासाभरात करून देईल. सप्लाय स्वतः उघडू नका, आत मेन्सचा दाब खेळत असतो.

तोवर फ्लॉप्या बघायला घ्या, खरं काम तिथे आहे. कोकणातले इतके पावसाळे म्हणजे बुरशी आलीच. फ्लॉपी उजेडात तिरकी धरा, मधल्या भोकात बोट घालून आतली चकती हळूहळू फिरवा आणि लांबट खिडकीतून बघत राहा. पृष्ठभाग सगळीकडे सारखा तपकिरी-काळा आणि तुकतुकीत हवा. पांढुरके ठिपके, जाळी किंवा पावडर दिसली तर ती बुरशी. ती फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातलीत तर हेडखाली, म्हणजे ड्राइव्हच्या वाचणाऱ्या टोकाखाली, बुरशीचे कण अडकतात आणि चुंबकीय थर गोल खरवडत जातात. वर तेच घाणेरडं हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही खरवडतं. एका फ्लॉपीने सलग पाच-सहा फ्लॉप्या खाल्ल्याचं मी पाहिलंय, कारण माणूस ‘ही वाचली जात नाही, दुसरी बघू’ म्हणत भराभर बदलत होता.

म्हणून तीन ढीग करा. स्वच्छ, थोडे डाग असलेल्या, आणि बुरशीने भरलेल्या. दुसऱ्या ढिगासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. तंतू न सोडणाऱ्या कापडाचा बोळा किंचित ओला करून खिडकीतून हलक्या हाताने टेकवा, चकती फिरवत राहा आणि मग दुसऱ्या बाजूनेही तेच करा. बोळ्यावर करडा मळ आला तर ठीक. तपकिरी रंग उतरायला लागला तर लगेच थांबा, कारण तो मळ नाही, तुमचा डेटाच बोळ्यावर येतोय. तिसऱ्या ढिगासाठी पाकिटाची एक कड ब्लेडने उघडून चकती बाहेर काढावी लागते. ती कोमट पाण्यात साबणाच्या एखाद-दुसऱ्या थेंबाने धुवायची, डिस्टिल्ड वॉटरने खळबळायची, पूर्ण वाळवायची आणि एखाद्या टाकाऊ फ्लॉपीच्या स्वच्छ पाकिटात सरकवून वाचायची. ऐकायला भयंकर वाटतं, पण चकती प्लास्टिकची आहे, पाण्याने तिला काही होत नाही. तरी हे शेवटी करा, हात बसल्यावर.

यानंतर प्रत्येक मूळ फ्लॉपीची खाच बंद करा. सव्वापाच इंचीत कडेला चौकोनी खाच असते. ती उघडी असेल तर फ्लॉपीवर लिहिता येतं, झाकली तर लिहिता येत नाही. ज्यांचा हात साडेतीन इंचीवर बसलाय त्यांची इथे फसगत होते, कारण तिथे उलटं आहे, भोक उघडं म्हणजे लिहिणं बंद. झाकायला पारदर्शक सेलोटेप चालत नाही. पुष्कळ ड्राइव्हमध्ये ही खाच प्रकाशाने तपासली जाते आणि सेलोटेपमधून प्रकाश आरपार जातो. चांदीचा कागदी स्टिकर किंवा काळी अपारदर्शक टेप घ्या, आणि कडा नीट दाबा, नाहीतर आत सुटून राहील.

हा स्टिकर मी एकदा लावला नव्हता, त्याची गोष्ट. एका शाळेत वार्षिक परीक्षेच्या गुणांची फ्लॉपी उतरवून घ्यायची होती आणि दोन ड्राइव्ह होते. आज्ञा द्यायची असते ‘स्टार-बॅकअप शून्य एक’, म्हणजे शून्यावरून एकवर. मी टाइप केलं एक शून्य. मशीनने त्याआधी स्टार-एनेबल ही आज्ञा मागितली होती, म्हणजे सावध करायचं ते काम त्याने केलं होतं. मी तीही दिली होती. दीड-दोन मिनिटांत कोरी फ्लॉपी मूळ फ्लॉपीवर इमानेइतबारे उतरली. बाईंनी सगळे गुण कागदावरून पुन्हा भरले आणि मला चहाही पाजला, त्याचं जास्त लागलं.

आता बॅकअप आत काय करतो ते बघू, म्हणजे तुमच्या एका ड्राइव्हवर तो नको असं का म्हणतोय ते कळेल. एकॉर्नच्या डिस्क फायलिंग सिस्टिममध्ये, म्हणजे डीएफएसमध्ये, एका ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या एका वर्तुळावर, १० सेक्टर म्हणजे तुकडे असतात आणि एका सेक्टरमध्ये २५६ बाइट. ४० ट्रॅकच्या फ्लॉपीची एक बाजू १०० केबी, ८० ट्रॅकची २००. बॅकअप सेक्टरमागून सेक्टर मेमरीत घेतो आणि दुसऱ्या फ्लॉपीवर ओततो. ओतण्याचं भांडं म्हणजे मोकळी रॅम. डीएफएस असलेल्या मशीनवर तळाचे ६,४०० बाइट आधीच गुंतलेले असतात आणि वरचा भाग स्क्रीन खातो. मोड म्हणजे स्क्रीन दाखवण्याची पद्धत. मोड ७मध्ये स्क्रीनला फक्त १ केबी लागतो, म्हणजे हातात २५,३४४ बाइट, बरोबर ९९ सेक्टर. ८०० सेक्टरची फ्लॉपी उतरवायला नऊ खेपा. प्रत्येक खेपेला मूळ फ्लॉपी घाला, काढा, नवी घाला, काढा. पण आधीचा एखादा प्रोग्राम मशीनला मोड ०मध्ये सोडून गेला असेल तर स्क्रीनच २० केबी घेते, हातात उरतात २३ सेक्टर, आणि त्याच फ्लॉपीला पस्तीस खेपा होतात. लोक म्हणायचे बीबीसीचा बॅकअप कंटाळवाणा आहे. त्यांतल्या निम्म्यांनी आधी कंट्रोल-ब्रेक दाबून मोड ७मध्ये येण्याची तसदी घेतलेली नसायची.

आणि ही रॅम वापरताना त्यातला बेसिक प्रोग्राम पुसला जातो. शाळेत मुलं प्रोग्राम लिहायची, सेव्ह न करताच ‘आधी बॅकअप घेऊ’ म्हणायची आणि मग रडायची.

तर तीस फ्लॉप्या, दोन बाजू धरल्या तर साठ, गुणिले नऊ खेपा. इतक्या अदलाबदलीत कधीतरी चुकीची फ्लॉपी आत जाणारच, आणि मूळ फ्लॉपी विनाकारण नऊ वेळा आतबाहेर होणार. शिवाय उतरवणार कशावर? सव्वापाच इंची नव्या फ्लॉप्या आता बनत नाहीत. मिळतो तो जुना साठाच, म्हणजे एका उधारीवर दुसरी उधारी. त्यातही १.२ एमबीच्या हाय डेन्सिटी फ्लॉप्या गळ्यात मारतात. त्यांचा चुंबकीय थर वेगळा असतो, या मशीनने लिहिलेलं त्यांवर टिकत नाही.

माझी पसंती गोटेकला. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारी ही छोटी डबी आहे, तिच्यात पेनड्राइव्ह लागतो आणि कॉम्प्युटरला ती खऱ्या फ्लॉपीसारखीच वाटते. तिच्यात कीर फ्रेझर यांचं फ्लॅशफ्लॉपी हे मोफत फर्मवेअर, म्हणजे डबी चालवणारं सॉफ्टवेअर, घाला आणि सेटिंगच्या फाइलमध्ये होस्ट म्हणून एकॉर्न लिहा. मग खरा ड्राइव्ह शून्य क्रमांकावर आणि गोटेक एक क्रमांकावर, दोन्ही एकाच ३४ तारांच्या पट्टीवर. क्रमांक ठरवायचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, दोन्हींच्या मागे असतो. पेनड्राइव्हवर एम्युलेटरमधून (आजच्या कॉम्प्युटरवर बीबीसीची नक्कल करणारा प्रोग्राम) फॉरमॅट करून ठेवलेल्या कोऱ्या इमेज फाइल, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीच्या जागी एक फाइल, ठेवा, मूळ जितक्या ट्रॅकची तितक्याच ट्रॅकच्या. या फाइलींचं शेपूट ‘एसएसडी’ असतं. लॅपटॉपमधल्या एसएसडीशी त्याचा काही संबंध नाही, इथे ते एका बाजूच्या डिस्कचं नाव आहे. आता एनेबल आणि मग बॅकअप शून्य एक दिलं की अदलाबदल एकदाही नाही. मूळ फ्लॉपी एकदा आत गेली, एकदा बाहेर आली. ज्या मशीनवर ती लिहिली गेली त्याच मशीनने ती वाचली, हा वर फायदा. कित्येकदा ड्राइव्हचं हेड किंचित सरकलेलं असतं आणि त्या सरकलेल्या हेडने लिहिलेलं तेच हेड उत्तम वाचतं. म्हणून सरांचा ड्राइव्ह खराब दिसला तरी भंगारात देऊ नका.

दुसऱ्या बाजूचं विसरू नका. ड्राइव्ह दोन्ही बाजू वाचणारा असेल तर एक बाजू शून्य आणि दुसरी दोन क्रमांकाची मानली जाते. दुसऱ्या ड्राइव्हच्या बाजू एक आणि तीन. दोन्ही बाजूंची फाइलींची यादी स्वतंत्र असते, त्यामुळे शून्याची यादी बघून ‘या फ्लॉपीत एवढंच आहे’ असं वाटतं. मी प्रत्येक फ्लॉपीला आधी यादी दाखवणारी आज्ञा स्टार-कॅट शून्य आणि मग स्टार-कॅट दोन देतो आणि दोन्ही स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढतो. नंतर फाइलींची नावं लावताना ते फार उपयोगी पडतात.

ड्राइव्हच्या पाठीमागे ४०/८० असा खटका असेल तर तोही पाहा. फ्लॉपी ४० ट्रॅकची आणि खटका ८०वर असला की यादी दिसते, पण फाइल उघडत नाही, आणि माणूस फ्लॉपीला दोष देतो. यादी शून्याव्या ट्रॅकवर असते, तो दोन्हीकडे एकाच जागी येतो, म्हणून ती दिसते.

हे मशीन जमणारच नसेल तर दुसरा रस्ता ग्रीसविझल या छोट्या सर्किट बोर्डाचा. तोही फ्रेझर यांचाच. तो जुन्या पीसीच्या सव्वापाच इंची ड्राइव्हला यूएसबीने आजच्या कॉम्प्युटरशी जोडतो आणि सेक्टर वगैरे न बघता फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे अनेक फेऱ्यांत टिपून घेतो. अर्थ नंतर सॉफ्टवेअर लावतं. बुरशीच्या फ्लॉप्यांना मी हाच वापरतो, कारण एका फेरीत न लागलेला सेक्टर तिसऱ्या फेरीतून सापडतो. बाजारात मिळणारा साधा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मात्र घेऊ नका. तो साडेतीन इंची असतो, आणि डीएफएसची सिंगल डेन्सिटी ही लिहिण्याची जुनी पद्धत त्याला कळतही नाही.

आता बॅकअप मध्येच थांबला तर. स्क्रीनवर ‘डिस्क फॉल्ट’, एक अंक आणि पुढे ट्रॅक/सेक्टर असं येतं. बॅकअप तिथेच सोडून देतो, पुढचं चांगलंही घेत नाही. ८२७१ कंट्रोलर चिप असलेल्या मशीनवर अंक १८ म्हणजे सेक्टर सापडलाच नाही, आणि ‘०ई’ म्हणजे सेक्टर सापडला पण आतल्या मजकुराची बेरीज जुळली नाही. पहिल्यात हेड घाण असण्याची किंवा खटका चुकीचा असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्यात तो सेक्टरच दुखावलेला.

घाबरू नका, कारण डीएफएस फार सरळ आहे. एका बाजूला जास्तीत जास्त ३१ फाइली, आणि प्रत्येक फाइल सलग सेक्टरमध्ये. तुकडे करून इकडेतिकडे विखुरणं नाही. म्हणून कागद-पेन्सिलीने हिशोब लागतो. समजा फॉल्ट ट्रॅक ८, सेक्टर ५वर आला. ८ गुणिले १० अधिक ५, म्हणजे ८५वा सेक्टर. स्टार-इन्फोने प्रत्येक फाइलीची लांबी आणि सुरुवातीचा सेक्टर कळतो, दोन्ही हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत. एखादी फाइल हेक्स ‘४सी’ला, म्हणजे ७६ला सुरू होते आणि दहा सेक्टर लांब आहे, तर ती ७६ ते ८५ व्यापते. दुखावलेला सेक्टर तिचा अगदी शेवटचा. प्रश्नपत्रिका असेल तर गेलं काय, शेवटच्या २५६ अक्षरांपर्यंत. बाकीच्या फाइली स्टार-कॉपीने एकेक नाव देऊन काढून घ्या, त्या फाइलीला हात लावू नका, आणि हेड साफ करून ती एकटी पुन्हा दोनदा बघा. त्याहून जास्त नाही. त्यानंतर ती फ्लॉपी ग्रीसविझलकडे.

मूळ फ्लॉपीवर स्टार-कॉम्पॅक्ट कधीच देऊ नका. मधल्या रिकाम्या जागा भरायला तो फाइली उचलून फ्लॉपीच्या सुरुवातीकडे सरकवतो आणि कोकणात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. स्टिकर लावलेला असेल तर तो चालणारच नाही, तेही एक बरं.

इमेज हातात आल्या की पुढचं सोपं. बीबईएम किंवा ब्राउझरमध्येच चालणारा मॅट गॉडबोल्ट यांचा जेएसबीब, यांत फाइल टाका आणि शिफ्ट-ब्रेक द्या. बेसिक प्रोग्राम फ्लॉपीवर संक्षिप्त रूपात असतात, नोटपॅडमध्ये उघडलेत तर कचरा दिसेल. एम्युलेटरमध्ये लोड करा, स्टार-स्पूल आणि फाइलीचं नाव द्या, लिस्ट करा, पुन्हा नुसतं स्टार-स्पूल द्या. स्क्रीनवर गेलेला सगळा मजकूर साध्या फाइलीत मिळेल.

तुम्ही लिहिलंय की एका फ्लॉपीवर सरांनी बाराखडी दाखवणारा प्रोग्राम केला होता आणि ‘ती अक्षरं आता कुठल्या फॉन्टने दिसतील’. फॉन्ट शोधू नका. त्या मशीनमध्ये देवनागरी नव्हतीच. सरांनी बहुधा व्हीडीयू २३ ही आज्ञा वापरून २२४ ते २५५ क्रमांकांची अक्षरं स्वतः काढली असतील. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत प्रत्येक ओळीचा एक आकडा, एका अक्षराला आठ आकडे. ‘क्ष’सारखं अक्षर एका चौकटीत मावत नाही, तेव्हा दोन चौकटी शेजारी ठेवाव्या लागतात. म्हणजे अक्षरं प्रोग्रामच्या आतच आकड्यांच्या रूपात आहेत आणि एम्युलेटरमध्ये ती जशीच्या तशी उमटतील. मात्र मोड ७मध्ये नाही. तिथली अक्षरं वेगळी चिप काढते, तिला व्हीडीयू २३ कळत नाही. प्रोग्राम सुरुवातीला स्वतः मोड बदलत नसेल तर आधी तुम्ही मोड ४ किंवा १ द्या.

सुरुवात कुठून करायची? खेळांच्या फ्लॉप्या असतीलच, त्यांतली सर्वांत स्वच्छ आणि कुणाला नको असलेली निवडा. कॅपॅसिटर बदलले, हेड पुसलं, गोटेक जोडला की पहिली तीच आत घाला, बाहेर काढा आणि खिडकीतून चकती फिरवून बघा. नवा गोल ओरखडा दिसला नाही, तर दुसरी घाला. बाराखडीची फ्लॉपी दहावी-बारावी असू दे.